शांत मानेची बदकं

हॉलिस बेट, ४ मार्च १९८६

वेल्डन,

अख्खं लाकडी घर उचलून बार्जवर चढवून तू पलीकडच्या किनाऱ्याला गेलास त्याला आता दुसरा हिवाळा सरला. फोन केला की तुझी बायको उचलते आणि तू 'बाहेर' असतोस. इतका बाहेर राहणारा तू लहानपणी तरी नव्हतास. म्हणून पत्र लिहितेय. ते तुझ्या टेबलावर पडून राहील आणि तुला ते घरात आहे हे माहीत असेल.

आधी कामाचं. मला मुंडकी हवीत, लाल डोक्याच्या फसव्या लाकडी बदकांची. धडं तयार आहेत, शेडमध्ये खिडकीपर्यंत रचलीत. एका जुन्या डोलकाठीचं देवदार मिळालं. त्यावर हातकुऱ्हाड अशी चालली की आपल्या बाबांची आठवण आली. पण मुंडकी माझ्या हातून होत नाहीत. कितीही ठरवून बसले तरी मान ताठ होते. या महिन्यात थोडी करून बघितली, सगळी आत्ताच बंदूक बघितल्यासारखी दिसतात. असली पाण्यावर सोडली तर वरून येणारा खऱ्या बदकांचा थवा तिथूनच वळेल आणि लपणात बसलेला शिकारी मला शिव्या घालेल. बाबा म्हणायचे, धड कुणीही तासेल, पण बदक निवांत आहे की घाबरलंय हे मानेवरून कळतं आणि वरून येणारी फक्त मान बघतात. ती निवांत मान तुझ्या हातात उतरली, माझ्या नाही. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नसते.

ऐकलं, तू आता बक्षिसांची बदकं करतोस. पीस अन् पीस कोरलेलं, काचेचे डोळे, काचेचं कपाट. पाणी लागलं तर म्हणे खराब होतात. पाण्याला भिणारं बदक आपल्या घराण्यात पहिलंच. असो. मुंडकी तेवढी पाठव. कॅप्टन हार्लन टपाल घेऊन येतोच, त्याच्या बोटीवर ठेव. किंवा स्वतः घेऊन आलास तरी बोट काही बुडणार नाही.

बातमी अशी की नेथन आणि लुरीन पार्क्स काल मुलीकडे गेले. 'थोडे दिवस' म्हणाले. लुरीनने चांगल्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या. थोड्या दिवसांसाठी कुणी बशा नेत नाही. कोंबड्यांना दाणे घालायला किल्ली माझ्याकडे दिली आहे. म्हणजे आता बेटावर मी आणि मिस अल्मेडा. रविवारच्या शाळेत तुझं नाक पुसणारी मिस अल्मेडा आता स्वतःचं नाक पुसायला रुमाल शोधते आणि तो तिच्या हातातच असतो.

तू उठलास तेव्हाच मला कळलं होतं. थव्यातलं एक उठलं की सगळी उठतात. तुझ्यामागून वर्षभरात निम्मं गाव गेलं, मग पास्टर गेले, मग शाळेचा दरवाजा कुणीतरी काढून नेला. तू निघालास तेव्हा धक्क्यावर मी तुझ्याकडे पाठ करून उभी राहिले ते याच रागाने.

आपलं इथलं उलटं बोलणं विसरला नसशील. देखण्या पोरीला 'काय ध्यान आहे' म्हणायचं, धो धो पावसात 'काय ऊन पडलंय' म्हणायचं. तर मला तुझी अजिबात आठवण येत नाही. आणि येऊ नकोस.

ऑर्फा


१९ मे

वेल्डन,

मुंडकी आली नाहीत. हार्लनला दर खेपेला विचारते. तो पिशवी उलटी करून दाखवतो, जणू मी त्याच्यावरच चोरीचा आळ घेतलाय.

लुरीनचं पत्र मात्र आलं. परत येत नाहीत. मुलीने त्यांना खाली स्वयंपाकघराशेजारची खोली दिली आहे, पायऱ्या नाहीत, नेथन खूश आहे. कोंबड्या मला ठेवून घे म्हणाली. हार्लनने विचारलं, मिस अल्मेडाला कोण सांगणार. मी म्हटलं, मी.

सांगायला गेले तर तिने पलंगावर ट्रंक उघडून ठेवलेली. काळा झगा, नवऱ्याचा फोटो, क्रोशाची सुई. पलीकडच्या किनाऱ्यावरची तिची भाची कधीची बोलावतेय. तिचे गुडघे तिला फाटकापलीकडे जाऊ देत नाहीत आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तिच्यासारखंच ओहोळापलीकडे असलेलं पार्क्सचं घर तिला दिसत नाही, घरात उजेड असला तर तो उजेड तेवढा दिसतो. ती घड्या घालता घालता म्हणाली, "ऑर्फी, पार्क्स यायचे नसतील तर मीही निघते बाई. आपण दोघींनी इथे काय एकमेकींच्या मरणाची वाट बघायची?"

"येतायत की," मी म्हटलं. "या आठवड्यात."

ठरवून नाही बोलले. निघून गेलं तोंडातून. ती घडी घालायची थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला खरं सांगवेना. आणि माझंही सांगते. दोन म्हाताऱ्यांसाठी टपालाची बोट येते, पण एकटीसाठी कोण पाठवणार? बोट गेली की वीज, वीज गेली की मी. मला भीती वाटली, वेल्डन. मला एकटीला इथे राहायची भीती वाटते आणि दुसरीकडे राहायची त्याहून जास्त वाटते.

दिवेलागणीला मी पार्क्सच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कंदील ठेवला आणि दाराला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ट्रंक पलंगाखाली होती. मिस अल्मेडा म्हणाली, "आले बाई एकदाचे. मला रात्रभर चांगली झोप लागली."

बाबा बदकांपासून थोडं लांब एक लाकडी बगळा उभा करायचे, आठवतो? बगळा सगळ्यात संशयी. तो निवांत उभा आहे म्हणजे इथे भीती नाही, असं बदकांना वाटतं. भरवशाचा बगळा म्हणायचे त्याला. मी त्याहून वेगळं काही केलेलं नाही.

ऑर्फा


१० ऑगस्ट

वेल्डन,

मुंडकी नाहीत, चार ओळी नाहीत. बरं.

इकडे मी एक अख्खं घर चालवतेय, तेही माझं नसलेलं. खाली कंदील, वर माडीवर दुसरा, तो उशिराने लावते. दोरीवर नेथनचे जुने शर्ट वाळत घालते, वाऱ्यावर फडफडले की मिस अल्मेडाला पांढरं काहीतरी हललेलं कळतं. चुलीत ओला पाला घालून धूर काढते. लुरीन भेटायला का येत नाही, तर तिला खोकला आहे आणि तुम्हाला लागू नये म्हणून ती येत नाही. नेथन पहाटेपासून खेकड्यांवर असतो. मागच्या रविवारी लुरीनच्या नावाने थरांचा केक करून नेला. मिस अल्मेडाने एक घास खाल्ला, विचार केला आणि म्हणाली, "लुरीनचा हात गेला गं. थर काय जाड झालेत, पाव खाल्ल्यासारखं वाटतं." मला राग यावा की हसावं ते कळेना. उरलेला मी घरी आणून खाल्ला. जाड होते थर.

खोटं कशाला सांगू, मला यात मजा येते. आयुष्यभर पाखरांना फसवलं. कुठला वारा, कुठला उजेड, किती अंतर, सगळं बघून बदकं मांडली. हे तेच काम आहे आणि हे मला मुंडक्यांपेक्षा बरं जमतं.

हार्लनला पसंत नाही. धक्क्यावर टपाल देताना तो मला बोलला. लोकांसमोर बोलला असता पण लोक नाहीत.

"त्या बाईला बदक समजलीस काय तू?"

"ती इथे सुखात आहे," मी म्हटलं.

"बदकंही असतात. खाली उतरेपर्यंत."

खेकड्यांचा हंगाम संपेस्तोवर तू सांग, नाहीतर मी सांगेन, असं बजावून गेला. मी हो म्हटलं. हंगाम संपायला वेळ आहे.

शिकारीच्या क्लबचा माणूस येऊन गेला. यंदा त्यांना लाकडी नकोत. प्लास्टिकची घेतलीत, पोत्यात कोंबता येतात, फुटली तर टाकता येतात. तो चांगला होता, टोपी काढून बोलला. म्हणाला, मिस ऑर्फा, तुमचं एखादं मी घरी शोभेला ठेवीन. शोभेला! मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

म्हणजे या धडांना आता गिऱ्हाईक नाही. तरी मुंडकी मागतेच आहे. का ते तू ओळख. तू लहानपणी माझ्याहून हुशार होतास.

ऑर्फा


२४ सप्टेंबर

वेल्डन,

शेड उभी आहे. धक्का गेला. ओहोळावरचा लाकडी पूल गेला. कोंबड्या गेल्या. धडं शेडच्या दारातून बाहेर तरंगत गेली, थोडी गवतात अडकून सापडली, उलटी पडलेली. तळाला वजनाचं शिसं लावलं नव्हतं अजून, म्हणून सरळ राहिली नाहीत.

मिस अल्मेडा गेली. पाण्यात.

हार्लन दुसऱ्या दिवशी आला, त्याने आणि तटरक्षकांच्या पोरांनी तिला बोटीवर ठेवलं. इथे कबर खणता आली नसती, फावडं मारलं की पाणी येतं. भाचीने किनाऱ्यावर जागा घेतली आहे. म्हणजे शेवटी ती भाचीकडेच गेली, ट्रंकही बरोबर दिली. मी येऊ नये असं भाचीने हार्लनकडून कळवलं. ठीक आहे.

कसं झालं ते विचारू नकोस. वादळात म्हातारी माणसं जातात. सगळीकडे जातात.

ऑर्फा


१२ ऑक्टोबर

वेल्डन,

तू तिच्या दफनाला गेला होतास असं हार्लन म्हणाला. त्याने तुला सांगितलं असेल. त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच. उरलेलं मला माहीत आहे आणि ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला आता कुऱ्हाड उचलवत नाही.

त्या दिवशी सकाळी हार्लनचा फोन आला. वाऱ्याने रोख बदललाय, दुपारी एक खेप मारतो, मिस अल्मेडाला घेऊन धक्क्यावर या. रेडिओवर पाणी पायरीपर्यंत येईल म्हणत होते. पायरीपर्यंत पाणी आपल्याकडे दर पौर्णिमेला येतं. मी तिच्याकडे गेले. ती खिडकीशी बसली होती, कोट घालून. सांगितलं, हार्लन येतोय, जायचं असेल तर. तिने विचारलं, "पार्क्स निघालेत का?"

एवढंच विचारलं तिने. मी 'हो' म्हटलं असतं तर ती उठली असती. कोट घातलेलाच होता, वेल्डन.

मी हिशेब केला. एकदा किनाऱ्यावर गेली की भाची तिला परत सोडणार नाही. आणि पाणी तर पायरीपर्यंतच येणार. मी म्हटलं, "नाही, ते थांबलेत."

"मग मी कशाला पळू?" ती म्हणाली आणि कोटाची बटणं काढायला लागली. "फारच पाणी आलं तर त्यांच्याकडे जाईन. त्यांचं जोतं उंच आहे."

मी तिची बटणं काढायला मदत केली.

धक्क्यावर हार्लनला सांगितलं की आम्ही दोघी माझ्याकडे माडीवर राहतोय. लाटा वाढत होत्या, थांबायला त्याला सवड नव्हती. तो गेला. मला खरंच तिला माझ्याकडे आणायचं होतं. पण त्याआधी पार्क्सचा कंदील लावायचा राहिला होता. रोजच्या वेळेला लावला नाही तर ती घाबरेल असं वाटलं. वादळ म्हणून खालचा आणि माडीवरचा दोन्ही लावले, वात मोठी केली. वाऱ्याने दार उघडू नये म्हणून कुलूप घातलं. किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

बाहेर आले तर ओहोळ नव्हताच. सगळं एक पाणी झालं होतं. तिला धरून आणायला दोर हवा म्हणून शेडकडे धावले. पूल पायाखालून गेला तेव्हा मी आपल्या बाजूला कशीबशी शेडच्या कठड्याला धरून चढले, परत पलीकडे जायची वाट उरली नाही. पाणी पायरीपर्यंत थांबलं नाही. मी माळ्यावर गेले आणि तिथल्या झरोक्यातून बघत राहिले. अजून पुरता अंधार झाला नव्हता. मिस अल्मेडाच्या दारातून तिची बॅटरी बाहेर पडलेली दिसली. मी हाका मारल्या. त्या वाऱ्यात मला स्वतःलाच ऐकू आल्या नाहीत. बॅटरी हळूहळू सरळ पार्क्सच्या खिडकीकडे चालली होती. तिला तेवढंच दिसत होतं. कुठे खोल आहे, कुठे कुंपण आहे, काही दिसत नव्हतं, तरी ती पोचली. त्या गुडघ्यांनी ती पोचली, वेल्डन. पायऱ्या चढली. मग बॅटरी दारापाशी बराच वेळ हलत राहिली. वर, खाली, दारावर. तिने हाका मारल्या असतील. लुरीन, दार उघड म्हणाली असेल.

ती दारातच सापडली. कडी हातात होती असं ती पोरं म्हणाली. खालचा कंदील सकाळीही जळत होता.

हार्लन माझ्याशी बोलत नाही. टपाल काठीला बांधलेल्या डब्यात टाकतो आणि निघून जातो. तो बरोबर आहे. मला माफ कर असं मी तुला लिहीत नाही, ते तुझ्या हातात नाही आणि आता कुणाच्याच नाही.

ऑर्फा


२३ नोव्हेंबर

वेल्डन,

तुझं खोकं आलं. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेलं. मी ती सगळी बाकावर मांडली आणि बराच वेळ हात लावला नाही. पाठीवर चोच टेकून झोपलेली, चारा खाऊन मान खांद्यात घातलेली, एकाचा तर नुसता डोळा मिटत आलाय. काचेचे डोळे नाहीत, बाबांसारखे रंगवलेले. एवढी शांत मुंडकी तू आधी कधी केली नव्हतीस. चिठ्ठीत लिहिलंस की मार्चमध्येच करून ठेवली होतीस, पाठवायचं मनावर घेत नव्हतास, आणि माझी पुढची पत्रं दफनापर्यंत उघडलीच नव्हतीस.

आणि ते दुसरं लिहिलंस. की तू रोज संध्याकाळी तुमच्या धक्क्याच्या टोकाला जाऊन इकडे बघायचास. हवा स्वच्छ असली की तीन उजेड दिसायचे, माझा, मिस अल्मेडाचा आणि पार्क्सचा. तुला वाटायचं, पार्क्स परत आलेत, ऑर्फाला सोबत आहे, आपण जाऊन काय करायचं. 'म्हणून आलो नाही,' एवढंच लिहिलंस. पुढे काही नाही.

मी ती ओळ खूप वेळा वाचली. शेडच्या पायरीवर बसून मोठ्याने रडले, इथे ऐकायला कोण आहे. एका म्हातारीला थांबवायला दिवा लावला, ती त्या दिव्याकडे चालत गेली आणि मेली. आणि ज्याने यावं म्हणून मी इतके महिने लाकडाची मुंडकी मागत होते, त्याला त्याच दिव्याने तिकडेच बसवून ठेवलं. मला मुंडकी नको होती. ती घेऊन तू यावास असं वाटत होतं. हे मार्चमध्येच सरळ लिहिलं असतं तर कागदही वाचला असता.

एक मुंडकं लावलं. खिळा ठोकला, सांध्यात लांबी भरली, खाली शिसं लावलं. पाण्यात सोडून बघितलं, अगदी बरोबर बसलं, ना नाक खाली ना शेपूट. मग ओहोटीला ओहोळातून चालत जाऊन ते पार्क्सच्या दारात पायरीवर ठेवून आले. कुलूप काढलं आहे, दार आता उघडंच असतं. बाकीची मुंडकी खोक्यात परत घातली आहेत आणि या पत्राबरोबर पाठवतेय. ती इथे लावण्यासारखी नाहीत.

उरलेल्या धडांना मी माझीच मुंडकी लावली, ती ताठ मानेची, घाबरलेली. धक्का होता तिथे पाण्यात सोडली. काल उत्तरेकडून पहिला मोठा थवा आला. गोल फिरून खाली यायला लागला, पंखही आवळले होते. मग त्यांनी माझी बदकं बघितली आणि सगळी एकदम वळली, किनाऱ्याच्या दिशेने गेली. मी बघत उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची बदकं खरं बोलली. मला बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं.

हार्लनने डब्यात चिठ्ठी टाकली आहे. नाताळानंतर बोट बंद. त्याने खाली लिहिलं आहे की शेवटच्या खेपेला जागा ठेवतो. मी उत्तर दिलेलं नाही. मिस अल्मेडाला जी जागा मी मिळू दिली नाही, तिच्यावर मी कशी बसू? ते मला जमेल असं वाटत नाही. लाकूड आहे, पीठ आहे, तेल थोडं आहे.

तेल वाचवतेय असं नाही, पण कालपासून मी एकही दिवा लावलेला नाही, माझाही नाही. संध्याकाळी तू धक्क्याच्या टोकाला गेलास तर इकडे काळोख दिसेल. घाबरू नकोस. आणि बघून निघूही नकोस. पहिल्या पत्रात 'येऊ नकोस' लिहिलं होतं ते आपलं उलटं बोलणं होतं, तुला कळलंही असेल. आता तसं नाही. इथे कुणी यावं असं आता काही उरलेलं नाही.

येऊ नकोस, वेल्डन. सरळ लिहितेय.

ऑर्फा